रुग्णालयाच्या भिंती आणि नाइटिंगेलबाई

आपल्या नेवासे तालुक्यातील जुन्या धाब्याच्या घरांत आजाऱ्याची खाट पुष्कळदा आतल्या अंधाऱ्या खोलीत पडे, आणि वारा लागू नये म्हणून झरोकाही बुजविला जाई. ही समजूत केवळ आपल्याकडचीच होती असे नव्हे. विलायतेतही ती होती, आणि तिच्याशी ज्यांनी जन्मभर झगडा केला त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई होत. हाती दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून विद्यार्थ्यांना त्या ठाऊक असतात. रुग्णालयाच्या इमारतीचा त्यांनी केलेला विचार मात्र फारसा कोणी सांगत नाही.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. घरच्यांचा विरोध सोसून त्या शुश्रूषा शिकल्या. १८५३ साली लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेव्हा त्यांनी मागणी केली ती मजल्या-मजल्यावर ऊन पाणी नेणाऱ्या नळांची, जेवण वर चढविणाऱ्या पाळण्याची आणि कोणत्या रोग्याने बोलाविले हे दाखविणाऱ्या घंटांची! परिचारिकेची सारी शक्ती जिने चढण्यातच खर्ची पडली, तर रोग्यासाठी काय उरणार?

नोव्हेंबर १८५४ मध्ये, क्रिमियाच्या युद्धात, ३८ परिचारिकांसह त्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. ती मुळात सैनिकांची बराक. खाली तुंबलेली गटारे, वर कोंदट दालने. अन्न, वस्त्र व स्वच्छता यांसाठी बाईंनी जिवाचे रान केले. तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य-मंडळाने गटारे साफ केली, हवेला वाट करून दिली, आणि जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले. युद्धानंतर हे आकडे मांडताना त्यांना कळून चुकले की, जखमांपेक्षा त्या वास्तूतील रोगराईनेच अधिक बळी घेतले होते.

रुग्णालयाने निदान रोग्याचे अहित तरी करू नये, या विचाराने त्यांनी १८५९ साली ग्रंथ लिहिला. सुमारे ३० खाटांचे लांब दालन, समोरासमोर खिडक्या, आणि सर्व खाटांवर नजर राहील अशी लगतच परिचारिकेची खोली, ही त्यांची योजना. पडल्या पडल्या बाहेरचे दिसावे, दृष्टीस फुले पडावीत, दाराबाहेर कुजबुज होऊ नये, इतक्या बारीक गोष्टीही त्यांनी लिहून ठेवल्या. दूषित हवेनेच रोग होतो ही त्यांची उपपत्ती पुढे जंतुशास्त्रापुढे टिकली नाही. खिडक्या मात्र टिकल्या.

त्यांचे सर्वत्र ऐकले गेले असेही नाही. नेटली येथील लष्करी रुग्णालयाचे नकाशे पाहून त्यांनी पंतप्रधानांपर्यंत दाद मागितली. परंतु काम पुढे गेले होते, ते बदलले नाही. उलट १८७१ मध्ये उघडलेले लंडनचे सेंट टॉमस रुग्णालय त्यांच्या मताप्रमाणे उभे राहिले.

हिंदुस्थानात बाई कधीच आल्या नाहीत. तरी १८६३ च्या लष्करी आरोग्याच्या अहवालासाठी त्यांनी येथील छावण्या-छावण्यांतून माहिती मागविली, आणि उतारवयात पुण्याच्या सार्वजनिक सभेशी खेड्यांतील पाणी व स्वच्छता यांविषयी पत्रव्यवहार केला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.