पुस्तकातून गळालेलं पान

लोकलने रोज देहूरोडवरून जाणाऱ्यांनो, तिथलं बुद्धविहार तुम्हाला ठाऊक असेलच. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः तिथे बुद्धमूर्ती बसवली. सामान्य माणसाला समजेल असं बुद्धधम्मावरचं पुस्तक आपण लिहितोय, हेही त्यांनी त्याच सभेत जाहीर केलं. ते पुस्तक लक्षात ठेवा. माईंची गोष्ट तिथेच अडकलीय.

माई म्हणजे डॉ. सविता आंबेडकर. माहेरच्या शारदा कबीर, जन्म १९०९चा. ग्रँट मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाल्या, गिरगावात डॉ. मालवणकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. बाबासाहेब तिथे पेशंट म्हणून आले. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार! १५ एप्रिल १९४८ला दिल्लीत दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ५७चे, त्या ३९च्या. त्यात त्या सारस्वत ब्राह्मण. बोलणारे काय, दोन्हीकडून बोलले.

जब्बार पटेलांच्या सिनेमात मृणाल कुलकर्णींनी साकारलेल्या माई तुम्ही पाहिल्या असतील. पण मला विचाराल तर खरा सिनेमा पुढे आहे.

पथ्यपाणी, इन्सुलिन, रात्रीची जागरणं हे सगळं माईंनी आठ वर्षं सांभाळलं. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ला नवऱ्यासोबत धम्मदीक्षाही घेतली. पुढच्या दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. घरात डॉक्टर बायको, म्हणून संशय तिच्यावरच! थेट विषप्रयोगाची कुजबुज सुरू झाली. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. माई दिल्लीत एकट्या पडल्या.

आता ते पुस्तक. 'बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली छापून आलं. त्यासाठी बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहून ठेवली होती. इतक्या आजारपणात आपण टिकलो ते पत्नी आणि डॉ. मालवणकरांमुळे, अशी कबुली तिच्यात होती. छापील पुस्तकात ती प्रस्तावनाच नव्हती. ज्या एका पानाने माईंची बाजू मांडली असती, नेमकं तेच गायब! ते लोकांसमोर आलं १९८०मध्ये.

मधल्या काळात दलित पँथरच्या पोरांनी, म्हणजे तुमच्याच वयाच्या, माईंना पुन्हा चळवळीत आणलं होतं. १९९०मध्ये बाबासाहेबांचं भारतरत्न माईंनीच स्वीकारलं. त्याच वर्षी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचं आत्मचरित्र आलं. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

२९ मे २००३ला माई गेल्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. त्याच आवारातल्या ग्रँट मेडिकलमध्ये त्या डॉक्टर झाल्या होत्या.