विश्लेषण : घाशीराम कोतवाल खरा कोण होता? पुण्याच्या कोतवालाची १४ वर्षे आणि शेवटचे तीन दिवस

पुण्यात पोलिसांच्या कारभारावर टीका सुरू झाली की एक नाव हमखास निघते : घाशीराम. आंदोलनातल्या फलकावर, विरोधी पक्षाच्या भाषणात, व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये. अनेकांना हे नाव फक्त नाटकातून माहीत आहे. (प्रस्तुत प्रतिनिधीनेही ते पहिल्यांदा ऐकले ते कॉलेजात, पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत, इतिहासाच्या पुस्तकात नव्हे.) पण घाशीराम सावळदास नावाचा कोतवाल पुण्यात खरोखर होता. त्याच्या कोठडीत माणसे गुदमरून मेली, शहर रस्त्यावर उतरले आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी त्याला जमावाने दगडांनी ठेचून मारले. हे प्रकरण नेमके काय होते?

कोण होता घाशीराम?

घाशीराम मूळचा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. पुण्यात तो औरंगाबादहून आला. १७७७ मध्ये त्याची पुण्याच्या कोतवालपदी नेमणूक झाली आणि मरेपर्यंत, म्हणजे सलग १४ वर्षे, तो या पदावर राहिला. आज एखादा पोलीस आयुक्त दोन-तीन वर्षे टिकला तरी बातमी होते, हे लक्षात घेतले तर हा काळ किती मोठा होता ते कळेल.

त्याला एवढा काळ कोणी ठेवले? उत्तर एकच, नाना फडणवीस. त्यासाठी १७७७ चे पुणे कसे होते ते पाहावे लागेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला होता आणि तो करणारे गारदी वाड्याचेच पहारेकरी होते. गादीवर सवाई माधवराव हे लहान मूल. काका रघुनाथराव इंग्रजांच्या मदतीने गादी मिळवण्याच्या खटपटीत. १७७६ मध्ये पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, १७७८ मध्ये नानांचे चुलतभाऊ मोरोबा यांनीच कट केला. अशा शहरात कोण येते, कोण जाते, रात्री कोणाच्या वाड्यात कोण बसते, ही माहिती कारभाऱ्याला रोज हवी होती. घाशीराम ती पुरवत होता. रघुनाथरावांच्या माणसांवर पाळत ठेवण्याच्या कामी त्याचा उपयोग झाला आणि त्यातून नानांचा विश्वास बसला, असे इतिहासकार सांगतात.

कोतवालाकडे नेमकी कोणती कामे होती?

आजच्या भाषेत सांगायचे तर पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त, वजनमापे निरीक्षक, दुय्यम निबंधक आणि छोट्या गुन्ह्यांपुरता न्यायाधीश, हे सगळे एकाच माणसात. बाजारभावांवर लक्ष, वजनमापांची तपासणी, रस्त्यांची देखभाल, घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद, जुगारावर नजर, बेवारस मालमत्ता ताब्यात घेणे, रस्त्यावरची भांडणे मिटवणे आणि दंड करणे. पेठांमधल्या चावड्यांतून हे काम चाले. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीचा उत्सवमंडप जिथे वर्षानुवर्षे उभा राहिला, त्या जागेला आजही कोतवाल चावडी म्हणतात.

रात्री ठरलेल्या वेळी तोफ होई. त्यानंतर विनापरवाना रस्त्यावर दिसलेल्या माणसाला पकडून सकाळपर्यंत चावडीत बसवत. तो चोर आहे की सुईणीला बोलवायला निघालेला बाप आहे, हे ठरवणार पहारेकरी.

यातली मेख दंडात आहे. कोतवालीचा दंड हे सरकारचे उत्पन्न होते. म्हणजे पकडणारा, दोषी ठरवणारा आणि दंडाची रक्कम खजिन्यात भरणारा माणूस एकच. दंड वाढला तर सरकार खूश, बातमी मिळाली तर नाना खूश. लोक खूश आहेत का, हे विचारणारी जागाच या रचनेत नव्हती. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तसा फीडबॅक लूप इथे एकाच बाजूने जोडलेला होता. घाशीरामाविरुद्ध तक्रारी होत्या, पण त्या ज्यांच्याकडे जायच्या त्या नानांसाठी तो कामाचा माणूस होता. त्यामुळे १४ वर्षांत काही हलले नाही.

२९ ऑगस्ट १७९१ : काय घडले?

पेशवे दर वर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांकडे आली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात वाटप होई आणि त्यासाठी दूरदूरहून हजारो ब्राह्मण पुण्यात येत. १७९१ चा श्रावण संपत आला होता. दक्षिणा घेऊन परतीच्या वाटेला लागलेले तेलंगी ब्राह्मण भवानी पेठेकडे, घाशीरामाच्या बागेजवळ उतरले. त्यांतल्या काहींनी बागेत शिरून खायला काहीबाही तोडले. माळ्यांनी अडवले, बाचाबाची झाली, हाणामारी झाली.

कोतवालाकडे वर्दी गेली ती चोर शिरल्याची. त्याने शिपाई पाठवले. सुमारे ३५ जणांना धरून एका अरुंद कोठडीत कोंडले, कुलूप लावले आणि शिपाई निघून गेले. भाषा वेगळी, शहर परके. आपण चोर नाही, हे त्यांनी कोणाला आणि कसे पटवायचे?

कोठडीला पुरेशी हवा नव्हती. माणसे गुदमरू लागली. त्यांचा आक्रोश मानाजी शिंदे फाकडे या सरदाराच्या कानी गेला आणि त्याने कुलूप तोडून दार उघडले. तोवर बहुतेक जण मेले होते. मृतांचा आकडा वेगवेगळ्या वर्णनांत थोडा बदलतो. सर्वाधिक दिला जाणारा आकडा २१ आहे. हे मानाजी फाकडे एके काळी रघुनाथरावांच्या पक्षातले, म्हणजे नानांच्या विरोधी गोटातले. प्रकरण दडपले गेले नाही यामागे हेही एक कारण असावे.

घाशीरामाने काय खुलासा दिला?

मेलेले लोक चोर होते, असे त्याने नानांना सांगितले आणि प्रेतांची विल्हेवाट लावण्याची परवानगी मागितली. दोन शतकांनंतरही कोठडीतल्या मृत्यूनंतर पहिला खुलासा साधारण याच धर्तीचा असतो, हे बातम्या वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको. फरक पुढच्या टप्प्यात आहे. आज अटक केलेल्याला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, कोठडीत मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्याने बंधनकारक आहे, आणि प्रकाश सिंह खटल्यातील २००६ च्या निकालानंतर पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमण्याचे आदेश राज्यांना मिळाले. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल केला. १७९१ मध्ये यांपैकी काहीच नव्हते. होते ते नानांचे दार.

त्याच दारासमोर तेलंगी ब्राह्मण जमले. आकडा हजाराच्या घरात सांगतात. घाशीरामाला मृत्युदंड मिळाल्याशिवाय हटणार नाही, ही त्यांची मागणी. नाना कात्रीत सापडले. सवाई माधवराव १७ वर्षांचे. सरकारचे मोठे सेनानी, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन, टिपूविरुद्धच्या मोहिमेवर कर्नाटकात. महादजी शिंदे उत्तरेत. शहरात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट सगळे पाहत होता आणि कलकत्त्याला कळवतही होता. नानांनी प्रकरण न्यायाधीश अय्याशास्त्री यांच्याकडे सोपवले. निर्णय देहदंडाचा झाला.

३१ ऑगस्टला, भाद्रपद नुकता लागला असताना, घाशीरामाची शहरातून धिंड काढली. काही वर्णनांत हत्ती आहे, काहींत उंट. ज्या रस्त्यांवर तोफेनंतर त्याचे शिपाई लोकांना अडवत, त्याच रस्त्यांवरून. नंतर त्याला शहराबाहेर गारपिरावर नेऊन जमावाच्या हवाली केले. दगडांचा मारा सुरू झाला आणि त्यातच तो मेला. बागेतल्या भांडणापासून इथपर्यंत तीन दिवसही पुरे झाले नव्हते.

हा न्याय होता का?

इतिहासकारांत यावर एकमत नाही. कोंडण्याचा हुकूम त्याचा होता की शिपायांनी परस्पर केले, कोठडीत किती माणसे आहेत हे त्याला ठाऊक होते का, यावर वाद आहे. त्याने जाणूनबुजून २१ माणसे मारली, असे दाखवणारा पुरावा समोर येत नाही. दुसरीकडे, माणसे कोंडून कोणी बघायलाही फिरकले नाही, आणि मेल्यावर त्यांना चोर ठरवले गेले, याची जबाबदारी त्या खात्याच्या प्रमुखाची नाही तर कोणाची? आमच्या मते प्रश्न त्याच्या दोषाचा कमी आणि चौकशीचा जास्त आहे. त्या वेळी खरी चौकशी झाली असती तर ती कोतवालावर थांबली नसती. त्याला नेमणारे कोण, १४ वर्षे तक्रारी कोणी ऐकल्या नाहीत, हे विचारावे लागले असते. जमावाला कोतवाल मिळाला आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

नाटकातला घाशीराम आणि खरा घाशीराम

मोरोबा कान्होबा यांचे याच नावाचे पुस्तक १८६३ मध्ये आले. पण आज लोकांच्या डोक्यात जो घाशीराम आहे तो विजय तेंडुलकरांचा. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नानांची बदनामी होते म्हणून गदारोळ उठला, १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. मग कलाकारांनी थिएटर अकादमी स्थापन करून ते पुन्हा उभे केले आणि १९८० मध्ये युरोपातही नेले.

नाटकात घाशीराम आपली मुलगी नानांना देऊन कोतवाली मिळवतो. हा भाग कल्पित आहे, आणि आपण इतिहास सांगत नाही असे तेंडुलकरांनी स्वतःच स्पष्ट केले होते. तरीही गुगलवर शोधल्यास हीच गोष्ट इतिहास म्हणून सापडते, त्यामुळे पुढे पाठवण्याआधी जरा थांबा.

नाना फडणवीसांचे पुढे काय झाले?

या प्रकरणामुळे पदाला धक्का लागला नाही. १७९५ च्या खर्ड्याच्या विजयाचे श्रेय त्यांच्या नावावर जमा झाले. १३ मार्च १८०० रोजी ते पुण्यात वारले. कोतवालीही बंद पडली नाही. तीवर नवा माणूस आला आणि रात्रीची तोफ होतच राहिली.