चौथे शिवाजी महाराज : आजार राजाचा, प्रश्न कारभाराचा

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्यामागे दत्तक घेतलेला मुलगा जेमतेम आठ वर्षांचा होता. हेच चौथे शिवाजी महाराज. विशी गाठण्याआधीच त्यांच्या मनःस्वास्थ्याच्या तक्रारी सुरू झाल्या. तीव्र मनोविकार बहुधा याच वयात डोके वर काढतात. पण नेमके निदान आज सांगता येणार नाही. इंग्रज सरकारने त्यांना वेडे ठरवले आणि १८८२ मध्ये कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांना रीजंट नेमले.

आजार खरा की लादलेला, असा संशय लोकांत होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर महाराजांच्या छळाचे आरोप केले. आधारासाठी घेतलेली पत्रे बनावट निघाली आणि टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराजांना अहमदनगरला ठेवले होते. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस. पुढच्याच वर्षी आबासाहेबांचा मुलगा गादीवर दत्तक गेला. तेच राजर्षी शाहू महाराज.

महाराजांचा कारभार सांभाळायला रीजंट होता. रुग्ण म्हणून त्यांच्या बाजूने बोलणारे मात्र कोणी नव्हते. आज हाच पेच साध्या घरांत येतो. गिरीजच्या वाडीतील आजोबांना स्मृतिभ्रंश झाला, की पेन्शन, बँक खाते, सातबारा यांचे काय करायचे, हे घरच्यांना सुचत नाही. मुखत्यारपत्र असले, तरी देणाऱ्याची समज गेल्यावर ते कायद्याने चालत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता येतो, मालमत्तेसाठी नाही. त्यासाठी पालक नेमून घ्यायला कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागते. तेथे डॉक्टरांची तपासणी होते, वारसांचे म्हणणे ऐकले जाते आणि पालकाला हिशेबही द्यावा लागू शकतो. महाराजांना न मिळालेले संरक्षण ते हेच.

म्हणून विसराळूपणा वाढू लागताच डॉक्टरांना दाखवावे. समज शाबूत असतानाच खाते संयुक्त करावे, वारस नोंदवावा, मृत्युपत्र करावे. पैसे कोणीही सांभाळोत, पै-पैचा हिशेब सर्व भावंडांसमोर ठेवावा आणि खर्च आधी रुग्णावर व्हावा.