सर विश्वेश्वरय्या आणि नदीची जागा

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो. फोटोला हार घालतो, दोन भाषणं होतात आणि चहा घेऊन सगळे वर्गात जातात. भाषणात कृष्णराजसागर धरण येतं, भारतरत्न येतं. पण पूर येण्याआधी पुराचा हिशोब मांडणारे विश्वेश्वरय्या मात्र राहून जातात. मित्रांनो, आज त्यांच्याबद्दलच थोडंसं.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत घेत १८८१ साली त्यांनी बंगळूरला बी.ए. पूर्ण केलं. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये दाखल झाले. १८८३ साली परीक्षेत पहिले आले. १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी सुरू झाली. नाशिक, खानदेश, पुणे ही त्यांची उमेदीची वर्षं. म्हणजे हा माणूस घडला तो बराचसा महाराष्ट्राच्या नद्यांवर!

पुण्याजवळ खडकवासल्याला त्यांनी १९०३ च्या सुमारास स्वयंचलित दारं बसवली. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं होतं. ठराविक पातळीपर्यंत दारं पाणी अडवायची, पाणी त्याच्या वर चढलं की आपोआप उघडायची आणि पातळी उतरली की पुन्हा बंद व्हायची. रात्री-बेरात्री माणूस धावत येण्याची वाट पूर बघत नाही, हे त्यात गृहीत धरलेलं होतं.

खरी परीक्षा हैदराबादला झाली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. अंदाजे १५ हजार माणसं दगावली. पाणलोट क्षेत्रातले शेकडो लहान-मोठे तलाव होते, त्यातले बरेच एकामागून एक फुटले आणि ते सगळं पाणी शहरावर आलं. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई सरकारच्या नोकरीतून नुकतेच मोकळे झाले होते. निजाम सरकारने त्यांना बोलावलं.

त्यांनी पडलेल्या घरांपासून सुरुवात केली नाही. आधी पावसाच्या नोंदी आणि पाणलोटाची माहिती गोळा केली. किती पाणी आलं आणि पुढे किती येऊ शकतं हे काढलं. मग शहराच्या वर पाणी अडवायला मुसी आणि तिच्या ईसी या उपनदीवर जलाशय सुचवले, आणि शहरात नदीकाठ सुधारायला सांगितलं. उस्मानसागर १९२० मध्ये तर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद पुन्हा बुडालं. धरण वरून येणारं पाणी थोपवतं, पण धरणाच्या खाली पडलेल्या पावसाचं आणि नदी-तलावांच्या जागेत बांधलेल्या घरांचं ते काही करू शकत नाही. ज्या खडकवासल्याला त्यांनी दारं बसवली, ते धरणही १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर फुटलं आणि पुणं वाहून गेलं. त्या दिवशी विश्वेश्वरय्या हयात होते. १४ एप्रिल १९६२ रोजी, शंभरी ओलांडून, ते गेले.

आता आपल्याकडे या. पोंभुर्णा तालुक्यात अंधारी वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. वैनगंगा तुडुंब असली की अंधारीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. म्हणजे गावात पाऊस थांबला तरी पाणी चढू शकतं! ऑगस्ट २०२० च्या शेवटी वर मध्य प्रदेशात पाऊस झाला, गोसीखुर्दची दारं उघडली आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठ पाण्यात गेला.

महाराष्ट्रात यासाठी नियम आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नको. शेती, बाग, मैदान चालेल. निळी आणि लालच्या मध्ये अटींवर, जोतं उंच घेऊन वगैरे. "१०० वर्षांतून एकदा" ऐकलं की लोक म्हणतात, आपल्या हयातीत येत नाही बा! पण गणित करून बघा. दरवर्षी शक्यता १ टक्का, तर ३० वर्षांत निदान एकदा तो पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. निळ्या रेषेसाठी हाच आकडा ७० टक्क्यांच्या वर जातो. घरासाठी काढलेलं कर्ज फिटेपर्यंत पाणी घरात येण्याचीच शक्यता जास्त.

आपल्यापैकी बरेच जण उद्या नगरपंचायतीत, बांधकाम खात्यात किंवा स्वतःच्या ऑफिसात बसून ले-आउटवर सही करतील. प्लॉट उन्हाळ्यात बघितला तर कोरडाठाक आणि स्वस्त दिसतो, मालकही घाईत असतो. अशा वेळी आधी पूररेषेचा नकाशा मागायचा, जोत्याची पातळी तपासायची, गावातल्या म्हाताऱ्यांना पाणी कुठवर आलं होतं ते विचारायचं, आणि जागा नदीची निघाली तर सही करायची नाही. हैदराबादला हा हिशोब माणसं गेल्यावर मांडावा लागला. आपल्याला तो आधी मांडता येतो.