विश्लेषण : शहरातल्या रस्त्यांचा पैसा कोणी द्यायचा? फिरोजशहा मेहतांनी १८७१ मध्ये घेतलेली बाजू

जुन्या जालन्यात गांधी चमनपाशी दोन माणसे थांबली की रस्त्याचा विषय निघतो आणि त्यामागोमाग पैशाचा. घरपट्टी वाढवून रस्ते करायचे, मुंबईहून शासनाचा निधी येईपर्यंत थांबायचे की कर्ज काढायचे? २०२३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. प्रश्न मात्र तोच राहिला. मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावरून करदाते रस्त्यावर यायचे बाकी होते. त्या वेळी २६ वर्षांच्या एका बॅरिस्टरने कोणालाच न आवडणारी भूमिका घेतली. त्याच भूमिकेतून पुढे जी रचना आकाराला आली, तिच्याच धर्तीवर आज जालना महापालिका चालते.

फिरोजशहा मेहता कोण होते?

जन्म ४ ऑगस्ट १८४५, मुंबईतल्या पारशी व्यापारी घरात. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. पुढे ते काँग्रेसच्या संस्थापक पिढीतले नेते झाले, १८९० च्या कोलकाता अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, १९१३ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे दैनिक सुरू केले. टिळकांच्या बाजूच्या मंडळींना त्यांचा मवाळपणा आणि त्यांचा दरारा दोन्ही खुपत. पण त्यांचा खरा संसार महापालिकेच्या सभागृहात होता. १८७३ पासून १९१५ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे.

१८७१ चा वाद कशावरून पेटला?

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. शेअरच्या सट्ट्यात अडकलेली मोठमोठी घराणी बुडाली. नेमक्या त्याच वर्षी नव्या कायद्याने ऑर्थर क्रॉफर्ड हे पालिका आयुक्त झाले.

क्रॉफर्ड हे कामाचा झपाटा असलेले गृहस्थ. त्यांनी रस्ते रुंद केले, गटारे बांधली, मंडई उभारली. आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखले जाणारे क्रॉफर्ड मार्केट त्यांचेच. शहर बदलत होते हे कोणी नाकारत नव्हते. पण तिजोरी रिकामी झाली. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि पोलिसांसाठीची पट्टी, हलालखोर कर, गाड्यांवरचा चाककर, शहरात येणाऱ्या मालावरचे शुल्क, असे कर एकावर एक चढत गेले आणि तेही मंदीत.

खर्चावर लक्ष ठेवण्याचे काम ‘जस्टिस ऑफ द पीस’ यांच्या मंडळाकडे होते. हे जस्टिस सरकारने नेमलेले, तेही तहहयात. त्यांना करदात्यांना तोंड द्यावे लागत नसे. १८७१ मध्ये करदात्यांचा संताप उसळला. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे ज्येष्ठ सुधारक त्यात पुढे होते आणि सगळा रोख क्रॉफर्ड यांच्यावर होता. आयुक्ताच्या हातातली सत्ताच काढून घ्या, अशी मागणी जोर धरत होती.

मेहतांची भूमिका काय होती?

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधल्या सभेत मेहतांनी निबंध वाचला. सभा चिडलेल्या करदात्यांची आणि हा तरुण चक्क क्रॉफर्ड यांच्या कामाची पाठराखण करत होता. गोंधळ व्हायचा तो झालाच.

त्यांचा मुद्दा मात्र समजून घेण्याजोगा होता. शहराला रस्ते आणि गटारे हवीच होती, त्यामुळे खर्च झाला हा गुन्हा नव्हे. कामे पार पाडायला एक समर्थ, जबाबदार अधिकारी लागतो. समितीच्या बैठकांतून रस्ता होत नाही. दोष आयुक्तात नसून त्याला हिशेब विचारणाऱ्या मंडळात आहे. पैसा करदात्यांचा आणि पाहारेकरी सरकारने नेमलेले, ही रचना मोडा. कर देणाऱ्यांनी निवडलेले सभागृह आणा, आयुक्त राहू द्या, पण त्याच्या हातातली थैली त्या सभागृहाच्या ताब्यात द्या.

म्हणजे करवाढीला सरसकट विरोध नाही आणि मुकाट्याने भरणेही नाही. राजकारणात उतरू पाहणाऱ्या तरुणासाठी ही बाजू तोट्याचीच होती.

पुढे कायदा कसा बदलला?

१८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची पालिका आली. त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे. १८८८ च्या कायद्याने सदस्य ७२ झाले आणि त्यांपैकी ३६ प्रभागांतून निवडून येऊ लागले. या कायद्याच्या मूळ मसुद्यात सरकारने आयुक्ताचे पारडे बरेच जड ठेवले होते. कायदेमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्यावर कलमागणिक झुंज दिली. अखेर महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी तीन अधिकारपदे ठरली.

एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. १८७२ मध्ये मत मिळायला वर्षाला निदान ५० रुपये कर भरावा लागे. चाळीतल्या भाडेकऱ्याच्या खिशातूनही मालावरचे शुल्क जातच होते, पण त्याला मत नव्हते. पैसा देईल त्याचा अधिकार, हे तत्त्व मेहतांच्या काळात इथवरच पोहोचले होते.

सरकारशी खटके कशावरून उडाले?

पुन्हा पैशावरूनच. शहर पोलिसांचा खर्च पालिकेने उचलायचा, पण पोलिसांवर पालिकेचा काडीचा अधिकार नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला. १९०७ मध्ये तो मिटला : पोलिसांचा खर्च सरकारकडे गेला आणि प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय सेवा यांचा भार पालिकेने घेतला.

रस्त्यांच्या बाबतीतही असेच झाले. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. प्रिन्सेस स्ट्रीट, आजचा मोहम्मद अली रोड ही त्याचीच कामे. ट्रस्टने कर्ज काढायचे आणि महापालिकेने आपल्या उत्पन्नातून त्याला वाटा द्यायचा, पण निर्णय ट्रस्टचे. महापालिकेतून यावर टीका होत राहिली. ट्रस्ट अखेर १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला.

मेहतांचा दबदबा इतका की १९०७ मध्ये काही युरोपीय अधिकाऱ्यांनी गट करून त्यांना निवडणुकीत पाडण्याचा घाट घातला. त्यांना धक्का बसला, पण काही काळातच ते पुन्हा सभागृहात आले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोरचा पुतळा त्यांचाच.

याचा जालन्याशी काय संबंध?

मेहतांच्या हयातीत काहीच नाही. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पण मुंबईबाहेरच्या महापालिकांसाठी १९४९ मध्ये जो कायदा झाला, त्याने १८८८ ची तीच त्रिपदी उचलली : महापालिका, स्थायी समिती, आयुक्त. आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून तोच जालन्याला लागू आहे.

१९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाल्यापासून मालमत्ता कर हाच हक्काच्या उत्पन्नाचा मोठा भाग उरला. बाकी शासनाचे अनुदान. २०२३ नंतर जालन्यात आयुक्त हेच प्रशासक होते. कर सुचवणारे, मंजूर करणारे आणि खर्च करणारे एकच. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि तिन्ही पदे पुन्हा वेगळी झाली.

कायद्यानुसार पुढच्या आर्थिक वर्षाच्या करांचे दर स्थायी समितीचे प्रस्ताव पाहून सर्वसाधारण सभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. कुंडलिकेच्या या तीरावर किंवा त्या तीरावर राहणाऱ्या कोणालाही आपल्या नगरसेवकाला विचारता येईल असा प्रश्न एवढाच : त्या सभेत घरपट्टीच्या दरावर काय बोललात आणि त्यातले किती रस्त्यांसाठी ठेवायला लावले?