रोग्याचे बोलणे ऐकणारा डॉक्टर : मायकेल बालिंट

पोट दुखते, छाती धडधडते, डोके सतत जड राहते. पण तपासण्यांत काहीच सापडत नाही, अशा व्यक्ती तुमच्याही परिचयात असतील. काही झालेले नाही असे सांगून त्यांना परत पाठवले जाते. दुखणे मात्र राहतेच. अशा रोग्यांशी डॉक्टरांनी कसे बोलावे, या प्रश्नासाठी ज्यांनी आपले उत्तरायुष्य वेचले, त्या मायकेल बालिंट यांचा येथे परिचय करून घेऊ.

बालिंट यांचा जन्म ३ डिसेंबर १८९६ रोजी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील सामान्य व्यवसाय करणारे डॉक्टर होते. बालिंट यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, बर्लिनमध्ये जीवरसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे सांदोर फेरेन्झी यांच्या सहवासात ते मनोविश्लेषणाकडे वळले. १९३०च्या दशकात त्यांनी बुडापेस्टमधील सामान्य डॉक्टरांसाठी चर्चावर्ग सुरू केले. परंतु त्या राजवटीत अशा बैठकांवरही पोलिसांची नजर असे. मोकळेपणाने बोलणे अशक्य झाले आणि तो प्रयत्न थांबला.

१९३९ मध्ये ते इंग्लंडला, मँचेस्टर येथे गेले. त्याच वर्षी पत्नी ॲलिस यांचे निधन झाले. पुढे, नाझींच्या हाती सापडण्यापेक्षा मरण बरे म्हणून, हंगेरीत राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांनी जीवन संपवले. हे दुःख सोसत बालिंट लंडनला आले. तेथील टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये, पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या एनिड यांच्या सहकार्याने, त्यांनी अर्धवट राहिलेले काम १९५०च्या सुमारास पुन्हा हाती घेतले.

या कामाची पद्धत साधी होती. काही डॉक्टर दर आठवड्याला एकत्र जमत. एक जण टिपणे न पाहता, आठवेल तसे, आपल्या एखाद्या रोग्याविषयी सांगे आणि इतर त्यावर चर्चा करत. काय आठवले, काय विसरले, कुठे राग आला, यांतून डॉक्टर आणि रोगी यांचे नाते उलगडत जाई. या अनुभवांवर आधारलेला ‘द डॉक्टर, हिज पेशंट अँड द इलनेस’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातील विचार भाषेच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावा असा आहे. बालिंट यांच्या मते, रोगी प्रथम आपली तक्रार डॉक्टरांपुढे मांडून पाहतो. डॉक्टर जसा प्रतिसाद देतात, तसे त्या दुखण्याला रूप येते. नुसते प्रश्न विचारले, तर केवळ उत्तरे मिळतात. ऐकून घेतले, तर माणूस कळतो. सर्वाधिक दिले जाणारे औषध म्हणजे स्वतः डॉक्टरच. परंतु त्याची मात्रा आणि दुष्परिणाम कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत, असे ते मानत. याचा अर्थ दुखणे काल्पनिक आहे किंवा तपासणी अनावश्यक आहे, असा मात्र घेऊ नये. तपासणीत कारण सापडले नाही, तरी उपचार संपत नाहीत, एवढाच त्याचा आशय आहे.

३१ डिसेंबर १९७० रोजी बालिंट यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे डॉक्टरांचे गट आजही अनेक देशांत भरतात. दुखणे सांगण्यासाठी आपण मराठीत जीव घाबरा होणे, पोटात कालवणे, काळीज धडधडणे असे शब्दप्रयोग करतो. त्यांत शरीर कोठे संपते आणि मन कोठे सुरू होते, याचा विचार तुम्ही स्वतः करून पाहा.