केल्सचे पान आणि संत कोलंबा

आजचे वाचन : मत्तय १:१८, स्तोत्र ३४:१-१०

यंदाच्या नाताळात आमच्या टेबलावर एक हजार तुकड्यांचे जिगसॉ कोडे मांडलेले आहे. चित्र आयर्लंडच्या केल्सच्या ग्रंथातले, आणि पान नेमके आजच्या वचनाचे. मत्तय सतरा वचने वंशावळ सांगतो आणि अठराव्या वचनात प्रभूच्या जन्माकडे वळतो. तिथे त्या मठवासी चित्रकारांनी ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक अक्षरे, खी, ऱ्हो आणि योटा, एवढी मोठी काढली की बाकी मजकुराला दोन-तीन शब्दांपुरतीच जागा उरली. सगळीकडे गाठी, वेटोळी, चक्रे. लावताना जीव मेटाकुटीला येतो, सगळे तुकडे एकसारखेच! आधार काय तो खालच्या मांजरांचा आणि उंदरांचा, आणि तोंडात मासा धरलेल्या पाणमांजराचा.

हा ग्रंथ इ. स. ८०० च्या सुमाराचा. पूर्वी लोक तो संत कोलंबाच्या नावाने ओळखत. त्याने तो लिहिला नाही, तो तर दोनशे वर्षे आधीच गेला होता. पण त्याच्याच मठांच्या परंपरेतून ग्रंथ आला, म्हणून आज त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं.

कोलंबा ५२१ साली आयर्लंडच्या डोनेगलमध्ये राजघराण्यात जन्मला. मनात आणले असते तर राजा होऊ शकला असता. लॅटिनमध्ये कोलंबा म्हणजे कबुतर. आयरिश लोक त्याला कोलमकिल, म्हणजे चर्चचे कबुतर, म्हणत. स्वभाव मात्र कबुतराचा नव्हता. नंतरच्या काळात सांगितली गेलेली गोष्ट अशी : त्याने आपल्या गुरूचे, फिनियनचे, स्तोत्रांचे पुस्तक गुपचूप उतरवून घेतले. गुरूने नक्कल परत मागितली, याने दिली नाही. वाद राजापुढे गेला. जसे वासरू गायीच्या मालकाचे, तशी नक्कल मूळ पुस्तकाच्या मालकाची, असा राजाने निवाडा केला. (पुस्तकाची पाने वासराच्याच कातड्याची असायची, हे जाता जाता सांगते.) ५६१ साली त्याच्या भाऊबंदांची आणि राजाची लढाई झाली. तीन हजार माणसे पडली असे परंपरा सांगते. कशापायी, तर स्तोत्रांच्या पुस्तकापायी! पवित्र शास्त्रावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून असं होऊ शकतं, हे वाचून मला झोप लागली नव्हती. ती नक्कल म्हणून मानले जाणारे हस्तलिखित डब्लिनमध्ये आहे, ५८ पाने उरली आहेत. त्याचे नाव कॅथाक, म्हणजे लढवय्या. पुढे कित्येक पिढ्या ते लढाईआधी सैन्याभोवती फिरवत असत.

५६३ साली कोलंबा बारा सोबत्यांना घेऊन समुद्रापार स्कॉटलंडच्या आयोना बेटावर गेला. जेमतेम पाच-सहा किलोमीटर लांबीचे ते बेट. लढाईचे प्रायश्चित्त म्हणून गेला असे पुष्कळजण मानतात. तिथे मठ उभारला, उत्तरेकडच्या पिक्ट लोकांच्या राजाकडे गेला, आणि आयुष्यभर पुस्तके उतरवत राहिला.

शंभरेक वर्षांनी त्याच मठाचा प्रमुख अॅडमनान याने त्याचे चरित्र लिहिले. त्यातल्या चमत्कारांपेक्षा मला छोट्या गोष्टी आवडतात. एकदा चुलतभाऊ बैथीन स्तोत्रांची नवी प्रत तपासायला कोणीतरी द्या म्हणाला. कोलंबाने न उघडताच सांगितले की एका ठिकाणी एक अक्षर राहिले आहे, बाकी सगळे ठीक. दुसऱ्या वेळी एका पाहुण्याने घाईघाईने पाया पडायला येताना झग्याने त्याची शाईची दौत उपडी केली. तो असे करणार हेही याने आधीच ओळखले होते म्हणे.

आणि मग ५९७ चा जून. वय पंच्याहत्तर. धान्याच्या कोठाराला आशीर्वाद देऊन परतताना तो वाटेत टेकला, तेव्हा मठाचा दूध वाहणारा पांढरा घोडा त्याच्या छातीवर डोके ठेवून रडला, असे अॅडमनान लिहितो. सेवक घोड्याला हाकलू लागला, त्याने हाकलू दिले नाही. मग खोलीत जाऊन तो स्तोत्र ३४ उतरवायला बसला. दहाव्या वचनापर्यंत आला. परमेश्वराला शोधणाऱ्यांना कशाचीही उणीव पडत नाही, या अर्थाचे ते वचन. पान तिथेच संपत होते. इथे थांबतो, पुढचे बैथीन लिहील, असे त्याने सांगितले.

त्या रात्री तो नेहमीसारखा दगडाची उशी घेऊन उघड्या खडकावर आडवा झाला. मध्यरात्रीची घंटा वाजताच सगळ्यांच्या आधी धावत चर्चमध्ये गेला. मागून आलेल्या सेवकाला तो अंधारात वेदीपुढे पडलेला सापडला. दिवे आले. बोलता येईना, म्हणून सेवकाने त्याचा उजवा हात उचलून धरला आणि त्याने जमलेल्यांना आशीर्वाद दिला. तारीख ९ जून.

बैथीन मठप्रमुख झाला. त्याच्या वाट्याला आलेले अकरावे वचन लेकरांना जवळ बोलावून शिकवण्याचे आहे, आणि नव्या प्रमुखाला ते शोभते, असे अॅडमनानने नोंदवले आहे.